शून्य-शून्य सुटलेली पहिली मॅच

प्रश्न : ताई नमस्कार. गणपतीत आमच्या मंडळाची क्विझ होती, त्यात विचारलं जगातली पहिली इंटरनॅशनल फुटबॉल मॅच कुठे झाली. माझा भाचा म्हणाला लंडन, 1870. चूक म्हणून मार्क कापले, बरोबर उत्तर म्हणे ग्लासगो, 1872. आता तो मोबाइलवर दाखवतोय की इंग्लंड-स्कॉटलंड मॅच 1870 ला झालेलीच आहे. घरात नुसता वाद चाललाय. आणि ती ग्लासगोची मॅच शून्य-शून्य सुटली म्हणतात, मग तिचं एवढं कौतुक कशाला?
- एक मावशी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मावशी, मंडळाचं उत्तर बरोबर आहे, पण भाच्याला अर्धा मार्क तरी द्यायला हवा होता, कारण 5 मार्च 1870 ला लंडनच्या ओव्हल मैदानावर खरंच इंग्लंड-स्कॉटलंड मॅच झाली होती, 1-1 सुटली, आणि पुढच्या दोन वर्षांत तशा अजून चार झाल्या. भानगड अशी की दोन्हीकडचे लोक लंडनमधूनच गोळा केलेले. जो स्कॉटिश तो स्कॉटिश, बाकी ज्याचं थोडंफार नातं निघेल तोही चालेल. त्या पहिल्या मॅचला ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा खासदार मुलगा स्कॉटलंडकडून खेळला, आता बोला! म्हणून त्या पाचही मॅचेस अधिकृत धरत नाहीत, आणि मला विचाराल तर ते योग्यच आहे.

हे सगळं घडवणारा माणूस म्हणजे चार्ल्स अल्कॉक, लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी. तो पेपरात पत्रं लिहून स्कॉटलंडवाल्यांना या, खेळा म्हणून डिवचत राहिला. शेवटी ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने आव्हान घेतलं आणि 30 नोव्हेंबर 1872 ला म्हणजे त्यांच्या सेंट अँड्र्यू या संताच्या दिवशी मॅच ठरली. गंमत बघा, एवढं करून अल्कॉक स्वतः दुखापतीमुळे खेळू शकला नाही, अंपायर म्हणून उभा राहिला. मैदान पण क्रिकेट क्लबचं, ग्लासगोच्या पार्टिक भागातलं हॅमिल्टन क्रेसेंट. (होळकर क्रिकेट टीमचे किस्से ऐकत वाढलेल्या आपल्या इंदूरकरांना हे ऐकून बरं वाटेल, फुटबॉलची पहिली इंटरनॅशनल मॅच पण क्रिकेटवाल्यांच्या जागेवरच!) तिकीट एक शिलिंग आणि बघायला साधारण 4000 लोक.

आता शून्य-शून्यचं. इंग्लंडने आठ जण पुढे लावलेले, स्कॉटलंडने सहा, मग एवढे फॉरवर्ड असून गोल का नाही? एक तर तेव्हा ऑफसाइडचा नियम कडक, पुढे उभ्या असलेल्या प्लेयरला पास द्यायचा तर त्याच्यासमोर विरोधी टीमचे निदान तीन जण हवेत, त्यामुळे बॉल पायात घेऊन गर्दीत घुसायचं, मागे बाकीचे, आणि बॉल गेला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात पाऊस पडून मैदान जड झालेलं. इंग्लंडवाले अंगाने दांडगे आणि पळायलाही फास्ट. स्कॉटलंडचे अकराही जण मात्र क्वीन्स पार्कचेच, एकाच क्लबात एकत्र खेळणारे, त्यामुळे एकमेकांना धरून खेळले आणि त्याच जोरावर टिकले. मला तर ही बरोबरी स्कॉटलंडची जीतच वाटते. आणि हो, तेव्हा गोलला वर दांडा नव्हता, नुसती फीत बांधलेली, आणि जाळी तर नव्हतीच. स्कॉटलंडचा एक बॉल गेला, लोकांना वाटलं झाला गोल, अंपायर म्हणाले फितीच्या वरून गेला. आता जाळी नसताना सांगणार कसं भिया?

कौतुक एवढ्यासाठी की यानंतर हे थांबलं नाही. 8 मार्च 1873 ला ओव्हलवर परतीची मॅच झाली, इंग्लंड 4-2 ने जिंकलं, म्हणजे गोल हवे असतील तर भाच्याला ती सांगा.

प्रश्न : 1872 च्या त्या ग्लासगो मॅचचा मूळ फोटो कुठे मिळेल का? शाळेच्या प्रोजेक्टला हवाय.
- एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : नाही मिळणार रे बाळा, कारण काढलाच नाही. फोटोग्राफर आला होता, पण फोटोच्या कॉप्या विकत घेऊ असं प्लेयर्स कबूल करेनात, मग तो तसाच निघून गेला. मॅचची हाताने काढलेली चित्रं तेव्हाच्या साप्ताहिकात छापून आली होती, ती लाव आणि खाली 'चित्र' असं स्पष्ट लिही.