वुडकटला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय, शाळेच्या पुस्तक प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार राउल द्युफीचं एक वुडकट (लाकूड कोरून त्यावरून कागदावर छापलेलं चित्र) लावायचंय, त्याखाली 'काष्ठचित्र' लिहिलं तर चालतंय का, की नुसतं 'ठसा' लिहू?

काष्ठचित्र नको. ते वाचलं की लाकडावर रंगवलेलं चित्र डोळ्यापुढं येतं, आणि इथं चित्र तर कागदावर आहे. ठसा हा शब्द मला फार आवडतो, पण मराठीत ज्यानं छापतो ती वस्तू पण ठसा आणि जे उमटतं ते पण ठसा. 'पितळेचा ठसा करून आणला' म्हणजे वस्तू, 'बोटाचा ठसा उमटला' म्हणजे छाप. कन्नडात पण जवळपास हेच बघा, अच्चु म्हणजे साचा पण आणि छपाई पण, छापखाना म्हणजे अच्चुकूट. बोलताना संदर्भावरून कळून जातं पण चित्राखालच्या एका ओळीत संदर्भ कुठला असतोय, म्हणून तिथं फोड करावी, लाकडाचा तो ठसा आणि कागदावरची ती छाप किंवा मुद्राचित्र (कलेच्या पुस्तकांत हा शब्द रुळलाय).

द्युफीनं हे ठसे अपॉलिनेर या फ्रेंच कवीच्या प्राण्यांवरच्या कवितांच्या पुस्तकासाठी कोरले, ते १९११ साली पॅरिसला निघालं, प्रती फक्त १२०. म्हणजे एकेका चित्राचा ठसा एकच आणि छापा शंभरावर, दोन्हीला एकच शब्द वापरून कसं भागणार?

'कोरीव चित्र' असंही काही जण लिहितात, ते तर उलटंच होतं. फळीवर चित्र उलटं काढायचं, जिथं पांढरं हवं तिथलं लाकूड पटाशीनं काढून टाकायचं आणि जे उठून राहिलं त्यावर शाईचा रूळ फिरवायचा, म्हणजे कोरलेला भाग छापतच नाही, राखलेला छापतो. आणि ठशाची उंची खिळ्यांएवढी (म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांएवढी) ठेवली की मजकूर आणि चित्र एकाच वेळी छापून निघतं, पुस्तकवाल्यांना लाकूड सोयीचं पडलं ते त्यामुळंच. आपल्याकडं ट्रेडलवर (पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर) लग्नपत्रिका छापणाऱ्यांना हे सांगायला नको, ते 'गणपतीचा ब्लॉक' म्हणायचे. बोलताना ब्लॉक म्हणा की, त्यात काही वाईट नाही.

एकोणिसाव्या शतकातले कारागीर लाकडाच्या आडव्या छेदावर केसासारख्या बारीक रेघा कोरून राखाडी छटा आणायचे. द्युफीनं ते सोडून जाड काळं आणि स्वच्छ पांढरं ठेवलं, रिकाम्या जागा पानाफुलांनी भरल्या, प्राणी कसा ठसठशीत दिसतोय बघा.

एक मात्र सांभाळा, चित्रकार नंदलाल बोसांची १९३० च्या 'सहज पाठ' या रवींद्रनाथांच्या बंगाली बालपुस्तकातली चित्रं शेजारी लावणार असाल तर ती लिनोवर (लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर) कोरलेली आहेत, त्यांना 'लिनोकट'च लिहा, आणि शिळाछाप तर वेगळीच, तिथं दगड सपाट असतो, उठाव नसतोच.

द्युफीच्या चित्राखाली मी असं लिहीन: 'राउल द्युफी, लाकडी ठशावरून छापलेलं पुस्तकचित्र, १९११'. आणि 'ठस्यावरून' नको हं, ससा-सशाचा, घसा-घशाचा, तसंच ठसा-ठशाचा.