मुलांच्या रहस्यकादंबरीत पुढच्या उलगड्याचे धागे आधी कसे पेरावेत? बारा वर्षांची नायिका वयापेक्षा मोठी वाटली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, तो माझ्या जिव्हारी लागलेला आहे. चालेल.

मी सातवीत असताना आई दोन महिने अंथरुणाला खिळून होती. बाबांची नोकरी फिरतीची. दुधाचा हिशेब माझ्याकडे आला. कालनिर्णयवर खाडे मांडायचे, महिनाअखेर बेरीज करायची, दूधवाला एखादा खाडा विसरला की दारात उभं राहून भांडायचं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती समजूतदार गं पोर!" तू जेवलीस का, हे एकीनेही विचारलं नाही.

पुढे मुलांसाठी रहस्यकादंबरी लिहिली, तेव्हा नायिकेला तेच काम दिलं. शेजारच्या काकांचे खाडेही दूधवाला तिलाच लिहून ठेवायला सांगतो. हे सगळं पहिल्याच प्रकरणात, घरकामाच्या धबडग्यात. शेवटी कळतं, काका ज्या आठवड्यात 'गावी होतो' म्हणतात, त्या आठवड्यात त्यांच्या नावावर एकही खाडा नाही. एका संपादकांनी वाचून सांगितलं, "बारा वर्षांची मुलगी हिशेब ठेवत नाही. पंधराची करा, नाहीतर हे काम आईला द्या." आईला दिलं तर रहस्यही आईनेच उलगडायचं! मी हस्तलिखित परत आणलं.

तर धागा असा रोजच्या कामात लपवा, किंवा गमतीत. 'हॅरी पॉटर'च्या दुसऱ्या भागात (१९९८) सर्दीची साथ येते. जिनी मलूल दिसते म्हणून मोठा भाऊ पर्सी तिला बळेच औषध घ्यायला लावतो आणि तिच्या लाल केसांखालून वाफा निघू लागतात. आपण हसून पुढे जातो. तिला आतून पोखरत असते ती खलनायक टॉम रिडलची जादूची डायरी. अकरा वर्षांच्या पोरीचं काहीतरी बिनसलंय, आणि सख्ख्या भावाला ती सर्दी वाटते! 'तिला तेव्हा ठाऊक नव्हतं की...' असलं वाक्य मात्र अजिबात लिहू नका. ती सरळ दवंडी होते.

हो, एक राहिलं. नायिकेला सगळ्याच बाबतीत शहाणी करू नका. दूधवाल्याशी भांडणारी मी रात्री एकटी मोरीत जायला घाबरायचे. आणि वाचक सात-आठ वर्षांचे असतील तर धागा दोनदा तरी दिसू द्या.

पण वय बाराच ठेवा. कुणी म्हणालंच की बारा वर्षांची मुलं असं वागत नाहीत, तर विचारा, तुमची आई आजारी पडली तेव्हा घरचे खाडे कोण मांडत होतं?