‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ कशी तपासायची?

प्रश्न : बदलापूर पूर्वेला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतोय. बिल्डर म्हणतो, स्टेशन दहा मिनिटांवर आणि पुढे मेट्रोही येणार. टोकन द्यावं का?

उत्तर : आधी सकाळी साडेसातला इमारतीच्या गेटपासून थेट फलाटापर्यंत जाऊन बघा. शेअर रिक्षाची रांग, पूल चढणं, सगळं धरून घड्याळ लावा. जाहिरातीतली दहा मिनिटं बहुधा रिकाम्या रस्त्यावरच्या दुचाकीची असतात. कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या लोकल बदलापूरला येतानाच भरलेल्या असतात, म्हणून बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा वेगळ्या लिहून घ्या. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका असो की कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४, त्यांच्या नावावर आज जास्त भाव देऊ नका.

आता पैशांचं. महारेराच्या (राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ताबा देण्याची तारीख, मंजूर मजले आणि जमिनीवरचा बोजा (कर्ज किंवा तारण) तिथेच दिसतो. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे ४० लाखांच्या घराला ४ लाख, त्यापुढे एक रुपयाही नाही. ‘पार्किंगचे वेगळे’ म्हणून रोख मागितली तर स्पष्ट नकार द्या.

आणि उल्हास नदी विसरू नका! जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती. जागा निळ्या किंवा लाल पूररेषेत (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषांच्या आत) येते का, हे नगरपरिषदेच्या नकाशावर बघूनच टोकन द्या.