‘मला बाहेर जावंसं वाटतंय’ हे रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीत कसं म्हणायचं?

‘आय फील लाइक गोइंग आउट’ म्हणा. ‘-वंसं वाटतं’ या मराठी रचनेला इतकी जवळची दुसरी रचना नाही. ‘फील लाइक’नंतर क्रियापदाचं ‘इंग’ रूपच येतं, कारण इथला ‘लाइक’ शब्दयोगी अव्ययासारखा चालतो. म्हणून ‘आय फील टू गो’ प्रमाण इंग्रजीत चुकीचं ठरतं. आपण ‘वाटणे’ला ‘फील’ आणि ‘जायला’ला ‘टू गो’ असं शब्दाला शब्द लावतो, तिथेच घसरतो. नकार असाच: ‘आय डोन्ट फील लाइक टॉकिंग.’ रडू येतंय, तर ‘आय फील लाइक क्राइंग’. अनोळखी माणसाकडे काही मागताना मात्र ‘आय वुड लाइक’ बरं. नुसतं ‘आय वॉन्ट’ हुकूम सोडल्यासारखं वाटतं.

एक खाचखळगा: ‘फील लाइक’पुढे नाम आलं की अर्थ संदर्भावर ठरतो. ‘आय फील लाइक अ कॉफी’ म्हणजे कॉफी प्यावीशी वाटते, पण ‘आय फील लाइक अ फूल’ म्हणजे मूर्ख ठरल्यासारखं वाटतंय. ‘मूड’चंही तसंच (हे तर भल्याभल्यांना चकवतं):

- ‘शी इज इन द मूड फॉर म्युझिक’: तिला संगीत ऐकावंसं वाटतंय.
- ‘शी इज इन अ मूड’: तिचं बिनसलंय, जरा लांबच राहा.