‘घुसखोर’ लसीकापेशी म्हणावे का?

अंडाशयाच्या कर्करोगावरील एका लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने दोन शंका विचारल्या आहेत. ‘ट्यूमर इन्फिल्ट्रेटिंग लिम्फोसाइट्स’, म्हणजे कर्करोगाच्या गाठीत (अर्बुदात) आढळणाऱ्या प्रतिकारसंस्थेच्या पांढऱ्या रक्तपेशी, या संज्ञेसाठी ‘अर्बुदातील घुसखोर लसीकापेशी’ हा प्रतिशब्द चालेल का, ही पहिली. आणि ‘या पेशींचा रुग्णांच्या आयुर्मानावर चांगला परिणाम होतो’ हे वाक्य बरोबर आहे का, ही दुसरी.

पहिल्या शंकेचे उत्तर माझ्या मते स्पष्टपणे नकारार्थी आहे. ‘खोर’ हा प्रत्यय फारसीतून, ‘खाणारा’ या अर्थाने मराठीत आला आणि येथे तो जवळजवळ नेहमीच निंदेसाठी राबला. लाचखोर, नफेखोर, चुगलखोर, भांडखोर हे शब्द पाहावेत; ज्याच्या नावामागे ‘खोर’ लागले त्याच्याविषयी वाचकाचे मत तेथल्या तेथे वाईट होते. ‘घुसखोर’ म्हटले की, ज्याला आत येण्याचा अधिकार नाही असा कोणीतरी चोरवाटेने आला, हेच चित्र उभे राहते. प्रत्यक्षात या गोष्टीत घुसखोरी कोणी केली असेल तर ती कर्कपेशींनी: अंडाशयाची हद्द ओलांडून उदरपोकळीच्या अस्तरावर जाऊन बसणाऱ्या त्या. लसीकापेशी या शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारसंस्थेतल्या पेशी असून त्या आपल्याच घरात आलेल्या आहेत. दोघींनाही एकच क्रियापद लावले, तर हल्ला कोणाचा आणि पाठलाग कोणाचा हे सामान्य वाचकाला कळणार नाही, आणि असा लेख वाचणाऱ्यांत स्वतः रुग्ण व त्यांचे नातेवाईक असतात हे भाषांतरकाराने विसरता कामा नये.

शब्दाची छटा येथे किती महत्त्वाची आहे, हे आकड्यांवरून दिसते. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढच्या टप्प्यातील अंडाशयाच्या कर्करोगाच्या १८६ गाठी तपासल्या होत्या आणि त्यांपैकी १०२ गाठींत, कर्कपेशींच्या पुंजक्यांच्या अगदी आत, टी-पेशी (लसीकापेशींचाच एक प्रकार) आढळल्या. या रुग्णांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ३८ टक्के होते. ज्यांच्या गाठींत अशा पेशी आढळल्या नाहीत त्यांच्यात ते ४.५ टक्के होते. ज्या पेशींच्या असण्यानसण्याशी एवढी तफावत जोडलेली आहे, त्यांना निंदाव्यंजक नाव देणे मला पटत नाही.

मग उलट बाजूला जाऊन त्यांना ‘रक्षक पेशी’ म्हणावे काय? तेही नको. टी-पेशींचाच एक प्रकार ‘नियामक टी-पेशी’ म्हणून ओळखला जातो. प्रतिकारसंस्थेचा आवेग आवरणे हे त्यांचे एरवीचे आणि आवश्यक काम असते, परंतु अंडाशयाच्या गाठीत त्या जमल्या की इतर टी-पेशींच्या हल्ल्यालाच लगाम बसतो, आणि त्यांची संख्या जास्त असलेल्या रुग्णांचे जगणे कमी भरल्याचे २००४ मधील एका अभ्यासात आढळले. त्यामुळे संज्ञा तटस्थच हवी.

मराठीत आत जाण्याची क्रियापदे विपुल आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. पाणी जमिनीत झिरपते, विष अंगात भिनते, मीठ लोणच्यात मुरते. या सर्वांत जाणारा पदार्थ आपले वेगळेपण हरवतो. लसीकापेशी तसे करत नाहीत, त्या एकेक मोजता येतात. ‘शिरणे’ या क्रियापदात शिरणारा वेगळा राहतो, आणि त्याला चांगले-वाईट असे काही चिकटलेले नाही: वारा घरात शिरतो, मुद्दा डोक्यात शिरतो, पुराचे पाणीही गावात शिरते. म्हणून मी ‘गाठीत शिरलेल्या लसीकापेशी’ असे सुचवीन.

‘शिरणाऱ्या’ न म्हणता ‘शिरलेल्या’ म्हणण्यामागेही कारण आहे. रोगनिदानतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जो काप पाहतात तो थांबलेला क्षण असतो. गुलाबी तंतुमय ऊतीने वेढलेली कर्कपेशींची बेटे, त्यांची मोठी, वेडीवाकडी केंद्रके आणि त्यांच्यामध्ये दाट निळ्या रंगाचे लहान, गोल ठिपके, असे ते दृश्य असते. ते ठिपके म्हणजे लसीकापेशी, ज्यांचे केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापून असते. त्या कोणत्या वाटेने आल्या हे काचेवर दिसत नाही, आलेल्या आहेत एवढेच दिसते. मात्र त्या बेटाच्या आत आहेत की भोवतालच्या ऊतीत अडकून राहिल्या आहेत, हा भेद कळीचा आहे, आणि भाषांतरात तो ‘आत’ व ‘भोवती’ या साध्या शब्दांनी काटेकोरपणे जपावा.

‘लसीका’ हा शब्द मात्र निःशंकपणे ठेवावा. जखमेतून येणारी लस आणि टोचायची लस हे दोन्ही शब्द वाचकाच्या ओळखीचे असल्याने तो परका वाटत नाही. ‘अर्बुद’ शास्त्रीय ग्रंथात शोभतो. सर्वसाधारण लेखात ‘गाठ’ पुरे.

आता दुसरे वाक्य. ‘आयुर्मान’ हा शब्द लोकसंख्येच्या सरासरी आयुष्यासाठी रुळलेला आहे. येथे अभिप्रेत आहे तो निदानानंतर रुग्ण किती काळ जगले हा हिशेब. ‘परिणाम होतो’ हे त्याहून अधिक खटकते, कारण त्यातून कार्यकारणभाव ठामपणे सांगितला जातो. अभ्यासांनी दाखवला आहे तो संबंध. प्रतिकारपेशींवरील अटकाव दूर करणारी औषधे एकेकटी दिली असता अंडाशयाच्या कर्करोगात थोड्याच रुग्णांना त्यांचा गुण आला, यावरून पेशी गाठीत असणे आणि तिने काम फत्ते करणे यांतले अंतर लक्षात येते. २०१७ मधील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाचा आधार घेऊन ते वाक्य मी असे लिहीन: ‘अंडाशयाच्या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, ज्यांच्या गाठीत सीडी८ प्रकारच्या लसीकापेशी (कर्कपेशींवर थेट हल्ला करू शकणाऱ्या टी-पेशी) मुळीच शिरलेल्या नव्हत्या अशा रुग्णांच्या जगण्याच्या कालावधीचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) २.८ वर्षे आढळला, तर ज्यांच्या गाठीत त्या मोठ्या संख्येने शिरलेल्या होत्या त्यांच्यात तो ५.१ वर्षे होता.’