पाणथळीची हद्द मे महिन्यात मोजू नये

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : शहराच्या वेशीवर आमची साडेतीन एकर वडिलोपार्जित जमीन असून तेथे इमारत उभी करण्याचा विचार आहे. जमिनीच्या एका कोपऱ्यात, सुमारे २५ गुंठ्यांत, पावसाळ्यात पाणी साठते आणि ते दिवाळीनंतर हळूहळू आटते. सातबाऱ्यावर तेवढ्या भागाची नोंद पोटखराबा (लागवडीस अयोग्य) अशी आहे. उन्हाळ्यात तेथे मुले क्रिकेट खेळतात, त्यामुळे मे महिन्यात मोजणी उरकून घ्यावी, असे आमच्या भागीदारांचे म्हणणे आहे. हा भाग पाणथळ ठरतो का, आणि ठरत असल्यास त्याची हद्द कोणी व कशी आखायची? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : मे महिन्यात तेथे क्रिकेट खेळता येते, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांतील व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमस्वरूपी आणि हंगामी, साचलेल्या आणि वाहत्या, अशा सर्व पाणथळ जागा येतात. नदीचे पात्र, भातखाचरे आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेली तळी तेवढी तिच्यातून वगळलेली आहेत. व्याख्येत क्षेत्रफळाची किमान अट नाही. तरीही व्याख्येत बसणारी प्रत्येक जागा आपोआप या नियमांच्या बंधनात येत नाही. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतील आणि शासनाने अधिसूचित केलेल्या जागांना नियम लागू होतात. म्हणून आपला कोपरा पाणथळ आहे का आणि त्याला नियम लागू आहेत का, हे दोन प्रश्न वेगळे समजावेत. पहिल्याचे उत्तर जमिनीत शोधायचे असते, दुसऱ्याचे कागदपत्रांत.

येथे एक गल्लत हमखास होते. भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज केल्यावर भूकरमापक जुने टिपण आणि फाळणी नकाशा यांच्या आधारे आपल्या गटाच्या खुणा कायम करून देतो. त्या मोजणीने आपली जमीन कोठे संपते हे कळते, पाणी कोठे संपते हे कळत नाही, आणि ते सांगणे त्या कार्यालयाचे कामही नव्हे. पोटखराब्याची नोंदही पुरावा म्हणून अपुरी असते, कारण खडकाळ तुकडा, ओढा, वाट आणि तळे अशा सर्वांना त्या एका शब्दात जागा मिळालेली असते. पाणथळीची हद्द वनस्पतितज्ज्ञ, माती जाणणारा माणूस आणि सर्वेक्षक अशा तिघांनी मिळून शोधायची असते. ‘शोधायची’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. इमारतीचा आराखडा आधी तयार करून त्याला सोयीची रेषा नंतर ओढलेली मी पाहिली आहे. अशी रेषा बहुधा सरळ असते आणि तिचे कोन काटकोन असतात. पाणी तसे थांबत नाही.

हद्द तीन गोष्टींच्या आधारे शोधतात : पाण्याच्या खुणा, वनस्पती आणि माती. पाणथळीच्या मधल्या भागापासून कोरड्या जमिनीकडे, काठाला साधारण काटकोनात, चार ते सहा रेषा आखाव्यात आणि प्रत्येक रेषेवर दर पाच मीटरला थांबून एक चौरस मीटरच्या चौकटीतील वनस्पती नोंदवाव्यात. आत पाणकणीस, नीरब्राह्मी आणि काटेरी तालीमखाना दिसतील. बाहेर टाकळा, कुरडू आणि गाजरगवत दिसेल. अडचण मधल्या पट्ट्यात येते. तेथे लव्हाळा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण तो कुंडीतही उगवतो आणि बांधावरही. बेशरमाचे तर नावच पुरेसे बोलके आहे. पाण्याशिवाय ज्यांचे चालत नाही अशा जातींनी चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला आहे का, हे पाहावे आणि एखाद्या सुट्या झाडावर भिस्त ठेवू नये. ही ओळख सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, झाडे फुलावर असताना, खात्रीने पटते. मे महिन्यात हाती फक्त वाळलेल्या काड्या लागतात.

पाण्याच्या खुणा कुंपणाच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर आणि बाभळीच्या खोडावर सापडतात. वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा आणि एका ओळीत अडकलेला काडीकचरा यांचीही नोंद घ्यावी. त्या खुणांची उंची लेव्हल यंत्राने मोजावी, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. आपल्याकडील उतार बहुतेक सौम्य असतात. शंभर मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर पाण्याच्या पातळीत दहा सेंटिमीटरची चूक झाल्यास रेषा जमिनीवर दहा मीटर सरकते. २५ गुंठे म्हणजे सुमारे २,५३० चौरस मीटर. एवढ्याशा जागेत दहा मीटर इकडे-तिकडे झाले, तर निम्मी पाणथळ नकाशावरून नाहीशी होऊ शकते.

याशिवाय, ज्या वर्षी सर्वेक्षण केले त्या वर्षीचा पाऊस कसा होता हे आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून अहवालात लिहिलेच पाहिजे. ऑगस्ट २०२३ हा देशातील १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्या महिन्यात पाहणी करून कोणी जागा कोरडी ठरवली असेल, तर ती पाहणी पुन्हा करावी.

प्रश्न : मी भूगोलाची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून प्रकल्पासाठी एका लहान पाणथळीचा अभ्यास करत आहे. इंग्रजी पुस्तकांत मातीच्या रंगावरून पाणथळ ओळखण्याची पद्धत दिलेली आहे, परंतु आमच्याकडील काळ्या मातीत आत आणि बाहेर एकच रंग दिसतो. मग फरक कसा ओळखावा? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : आपली अडचण खरी आहे, आणि पुस्तकापेक्षा आपण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवलात याचा आनंद वाटतो. आपण म्हणता ती पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाच्या १९८७ च्या मार्गदर्शिकेमुळे रूढ झाली. तिचा आधार लोह आहे. माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली की तिच्यातील प्राणवायू संपतो आणि सूक्ष्मजीव लोहाच्या तांबड्या ऑक्साइडांचे क्षपण करतात, म्हणजे त्यांना विरघळणाऱ्या रूपात बदलतात. मग लोह पाण्यात विरघळून जागा सोडते आणि माती फिकट राखी किंवा निळसर दिसू लागते. जेथे थोडा प्राणवायू पोहोचतो, उदाहरणार्थ मुळांच्या पोकळ्यांत, तेथे ते लोह पुन्हा गंजते आणि तांबूस ठिपके किंवा मुळाभोवतीचे नारिंगी अस्तर उरते. मातीचे रंग जुळवून पाहण्याच्या मुनसेल पट्टीवर मातीच्या मूळ रंगाचा क्रोमा, म्हणजे रंगाचा भडकपणा, दोन किंवा त्याहून कमी असून त्यात असे ठिपके असतील, किंवा ठिपके नसतानाही तो एक किंवा त्याहून कमी असेल, तर ती माती पाणथळ समजतात.

आता हीच पट्टी घेऊन कापसाच्या कोरड्या शेतात जावे. तेथील माती मुळातच इतकी गडद असते की तिचा क्रोमा एक किंवा दोनच भरतो, आणि निव्वळ पट्टीवर विसंबल्यास विदर्भातील कित्येक चांगली शेते पाणथळ ठरतील. काळ्या मातीचा गडदपणा लोहाच्या रंगावर पांघरूण घालतो, आणि ती अल्कधर्मी असल्यामुळे लोहाचे क्षपणही तिच्यात सहजी होत नाही.

म्हणून येथे हात आणि ऑगर (जमिनीतून माती वर काढण्याचे गिरमिट) यांवर अधिक भर द्यावा. ऑगरने साधारण ५० सेंटिमीटरपर्यंत माती काढून ती वर्तमानपत्रावर क्रमाने मांडावी आणि ओलसर असतानाच प्रत्येक ढेकूळ हाताने फोडून आतला पृष्ठभाग पाहावा, कारण सुरीने कापल्यास खुणा सारवल्या जातात. जिवंत मुळाभोवती नारिंगी अस्तर आहे का, लोह-मँगनीजच्या काळपट-तपकिरी गोळ्या आहेत का, हे भिंगाने पाहावे. चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांना पाण्याचा पुरावा समजू नये, ते कोरड्या काळ्या जमिनीतही भरपूर असतात. सडक्या अंड्यासारखा वास आल्यास मात्र तो लगेच नोंदवावा, कारण ढेकूळ उघडे ठेवल्यावर तो थोड्याच वेळात उडून जातो. आल्फा-आल्फा डायपिरिडिल या रसायनाचे थेंब ताज्या फोडलेल्या मातीवर टाकल्यास क्षपित लोह असेल तेथे गुलाबी ते लाल रंग येतो. रंग आला तर पुरावा भक्कम समजावा, पण न आल्यास काळ्या मातीत तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. ऑगरच्या लोखंडी पात्याला चिकटलेल्या मातीवर ही चाचणी कधीही करू नये.

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पहिले पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतात. माती फुगून भेगा मिटेपर्यंत वर पाणी साचत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेलात तर जागा कोरडी दिसेल, आणि जुलैअखेर त्याच जागी गुडघाभर पाणी असेल. आपल्या प्रकल्पात एका भेटीऐवजी जुलैअखेर, सप्टेंबर आणि डिसेंबर अशा किमान तीन भेटी ठेवाव्यात. जमल्यास काठाच्या आत आणि बाहेर छिद्रे पाडलेले दोन पीव्हीसी पाइप पुरून त्यांतील पाण्याची पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजावी. आसपासच्या जुन्या शेतकऱ्यांना जमीन चिबड कोठपर्यंत आहे, हेही जरूर विचारावे. वाफसा कोठे उशिरा येतो हे ज्याने तीस वर्षे औत हाकताना अनुभवले आहे, त्याचे बोट बहुतेक वेळा आपल्या रेषेच्या जवळच थांबते.

प्रश्न : आमच्या सोसायटीमागील डबक्यावर गेल्या दोन वर्षांपासून राडारोडा टाकला जात आहे. तेथे हळदी-कुंकू बदके आणि जांभळ्या पाणकोंबड्या येत असत. जागा राष्ट्रीय नकाशात नाही, म्हणून ती पाणथळच नाही, असे विकासक सांगतात. आता भरावाखाली काय होते हे कसे दाखवावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने उपग्रह प्रतिमांवरून केलेला २०११ चा राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह १:५०,००० या प्रमाणावर आहे. त्यात २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ जागांच्या सीमा दाखवल्या असून त्याहून लहान ५,५५,५५७ जागा केवळ ठिपक्यांनी दर्शवल्या आहेत. २.२५ हेक्टर म्हणजे १५० मीटर बाजूचा चौरस, आणि या प्रमाणावर तो नकाशात तीन मिलिमीटर बाजूचा दिसतो. त्याहून लहान जागेची सीमा त्या नकाशात मिळणार नाही, हा त्या प्रमाणाचाच परिणाम आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये त्या २,०१,५०३ जागांना संरक्षण दिले. डिसेंबर २०२४ मध्ये, नव्या नकाशासंग्रहातील २,३१,१९५ जागांच्या संदर्भात, प्रत्यक्ष पडताळणी आणि सीमांकन पूर्ण करण्याचे आदेशही न्यायालयाने दिले. आपले डबके त्या आकड्यांत नसेल, तर ते अधिसूचित करण्यासाठी राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे पुराव्यासह मागणी करावी लागेल. मोठा प्रकल्प असल्यास आणखी एक वाट आहे. २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अर्जात परिसरातील पाणथळींची माहिती द्यावी लागते. त्या रकान्यात काय लिहिले आहे, हे आपण अवश्य तपासावे.

भराव हा पुरावा झाकतो, पण लगेच पुसत नाही. विटांचे तुकडे आणि प्लास्टर यांच्या थराखाली ऑगर नेल्यास जुना चिखल, पाणकणसाची दडपलेली मुळे आणि गोगलगायींचे शंख सापडू शकतात. त्यासाठी जागामालकाची परवानगी आवश्यक आहे, कुंपणावरून उडी मारून काढलेला नमुना आपल्याच अंगाशी येईल. परवानगी मिळाली नाही, तरी जुन्या उपग्रह प्रतिमा सर्वांना खुल्या आहेत. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटर तपशिलाच्या प्रतिमा २०१५ पासून मिळतात. पावसाळ्यातील ढगांमुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या प्रतिमा निवडाव्यात आणि दर वर्षी शक्यतो त्याच पंधरवड्यातील घ्याव्यात. पक्ष्यांची छायाचित्रे तारखेसह जोडावीत, मात्र त्यांवरून हद्द ठरत नाही.

प्रश्न : पाणथळीपासून ५० मीटर सोडायचे ते कोठून मोजायचे? निळ्या पूररेषेपासून का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : नाही. निळी आणि लाल या नदीच्या पूररेषा असून त्या अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर बेतलेल्या आहेत. २०१७ च्या नियमांतील ५० मीटर हे नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागील दहा वर्षांत आढळलेल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून मोजायचे असतात आणि त्या पट्ट्यात बोटींच्या धक्क्याखेरीज कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. आपण खाडीकाठी राहत असल्यास आधी सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा पाहावा, कारण त्या क्षेत्रातील जागांना पाणथळ नियमांऐवजी तेथील तरतुदी लागू होतात. १,००० चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीभोवतीही ५० मीटरचा पट्टा असतो, पण तो त्या तरतुदींतला आहे. आकडा सारखा असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते.

प्रश्न : आमच्या भूखंडातील दलदल महापालिकेच्या गळक्या जलवाहिनीमुळे झाली आहे, अशी आमची खात्री आहे. तरीही तिची पाणथळ म्हणून नोंद होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : व्याख्येत कृत्रिम जागाही येतात, त्यामुळे केवळ कारण मानवी आहे म्हणून ती आपोआप वगळली जात नाही. परंतु आपला दावा तपासणे सोपे आहे. पाण्याच्या नमुन्यातील क्लोरीनचा अंश पाहावा. मात्र तो उघड्यावर लवकर उडून जातो, म्हणून नमुना गळतीच्या अगदी जवळून घेऊन जागीच तपासावा. वाहिनी बांधली त्याआधीच्या उपग्रह प्रतिमांत ओल दिसते का, हेही पाहावे. आधी ऑगरने माती पाहून घ्यावी आणि वर अमरावतीच्या वाचकाला सांगितले तसे छिद्रांचे पाइप पुरावेत. मग गळती दुरुस्त करून घ्यावी आणि एक पूर्ण पावसाळा व त्यापुढील हिवाळा थांबून त्याच बिंदूंवर पुन्हा ऑगर चालवावा. पाणकणीस एवढ्यात हटेलच असे नाही, म्हणून या वेळी वनस्पतींपेक्षा पाइपमधील पाण्याच्या पातळीला अधिक वजन द्यावे. तोपर्यंत त्या जागी भराव टाकू नये, कारण भराव टाकल्यानंतर आपला दावा खरा होता हे आपल्यालाही दाखवता येणार नाही.