भाव काढण्यापासून सूत्रापर्यंत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जूनपासून तुला सातवी-आठवीचे विज्ञान शिकवायला मिळाले आहे आणि सूत्र आधी सांगावे की प्रयोग आधी करावा, असे तू विचारले आहेस. या इयत्तांच्या भौतिकशास्त्राला लागणारे बहुतेक गणित मुलांना बाजारहाट करूनच आलेले असते. ते आपल्याला येते, हे मात्र त्यांना ठाऊक नसते, आणि तुझे काम तिथून सुरू होते.

60 रुपयांना 5 किलो कांदे मिळाले तर किलोचा भाव काय, हे सातवीतले कोणतेही मूल तोंडी सांगते. रुपयांना किलोंनी भागले की एका किलोमागचे रुपये मिळतात. त्याच रीतीने मीटरांना सेकंदांनी भागले की एका सेकंदामागचे मीटर, म्हणजे चाल मिळते; ग्रॅमना घन सेंटीमीटरांनी भागले की घनता मिळते आणि न्यूटनांना चौरस मीटरांनी भागले की दाब. हे सगळे भावच आहेत. पण एकमान पद्धत गणिताच्या तासाला येते आणि चाल विज्ञानाच्या तासाला, त्यामुळे दोन्हींचे नाते मुलांना दिसत नाही. (शिक्षकांनाही ते नेहमी दिसते असे नाही.)

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर ‘चाल = अंतर ÷ वेळ’ असे लिहिले, दहा उदाहरणे सोडवून घेतली आणि मनात खूश झालो. आठवड्याने एका हुशार मुलीला सहज विचारले, की वर्गापासून नळापर्यंत चालत गेलीस तर तुझी चाल किती भरेल? ती म्हणाली, “साठ.” साठ काय, ते तिला सांगता येईना. उदाहरणांतल्या गाड्या बहुधा साठने धावत, म्हणून साठ. तिला भागाकार पक्का येत होता. चाल म्हणजे काय, हे मी कधी दाखवलेच नव्हते.

पुढच्या वर्षापासून मी मुलांना टेप देऊन मैदानावर नेऊ लागलो. वीस मीटरांवर चुन्याची रेघ मारायची. एकजण 16 सेकंदांत चालत जातो, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर, दुसरी 5 सेकंदांत धावत जाते, म्हणजे सेकंदाला चार मीटर. मग हीच चाल तासाला किती किलोमीटर, ते काढायला लाव. चालणाऱ्याची साडेचार येते आणि मोटारीचे साठ म्हणजे काय, ते अंगाला कळते. 18/5 ने गुणण्याचा नियम पाठ करून घेऊ नकोस. 1000 मीटर आणि 3600 सेकंद लिहायला सांगितले, की संक्षेप देता देता तो आपोआप निघतो. अंतर, चाल, वेळ त्रिकोणात मांडून हवे ते बोटाने झाकण्याची युक्ती तर मला मुळीच आवडत नाही, कारण तिने उत्तर येते पण विचार करण्याची गरजच उरत नाही.

घनतेसाठी स्वयंपाकघर पुरते. खाद्यतेलाच्या एक लीटरच्या पुष्कळ पिशव्यांवर 910 ग्रॅम असे छापलेले असते. 910 ला 1000 ने भागले की 0.91 येतात, पाण्याचा हाच भाव 1 आहे, आणि रश्श्यावर तवंग का येतो याचे उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. दाबाला वेळ कमी दिलास तरी चालेल. डोक्यावरच्या हंड्याखालची चुंबळ दाखव, क्षेत्रफळ छेदात आहे हे मुले स्वतःच बोलून दाखवतात.

मात्र प्रत्येक गोष्ट भावाच्या हिशेबाने चालत नाही, हेही त्याच वर्षी दिसले पाहिजे. त्यासाठी दोलकासारखे साधन नाही. खिडकीच्या गजाला दोऱ्याने बोल्टाचा एक जड नट टांग, गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी 25 सेंटीमीटर ठेव आणि थोडाच झोका देऊन दहा आंदोलने (जाऊन परत आला की एक) मोजायला सांग. नट सोडताना मुले हमखास ‘एक’ म्हणतात आणि नऊच आंदोलने मोजतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे, हे आधी बजाव. मोबाइलवर सुमारे 10 सेकंद येतील. दोरा 50 सेंटीमीटर केला तर किती, असे विचारलेस की सारा वर्ग ‘20’ म्हणून ओरडेल. येतात 14. मुले पुन्हा मोजतात, पुन्हा 14 येतात. वर्गात जी कुजबुज सुरू होते, ती लगेच थांबवू नकोस. 20 सेकंद येतात ते दोरा 100 सेंटीमीटर केल्यावर.

इथे दोलनकालाचे सूत्र सांगण्याचा मोह आवर. त्यातले वर्गमूळ आणि पाय (π) पाहून मुले घाबरतील. त्याऐवजी सेकंदांचा वर्ग करून त्याला सेंटीमीटरांनी भागायला लाव. 100 भागिले 25 म्हणजे 4. 196 भागिले 50 म्हणजे जवळजवळ 4. 400 भागिले 100 म्हणजे पुन्हा 4. आता ‘वर्ग ÷ लांबी = 4’ हे समीकरण मुलांनीच शोधलेले असेल.

प्रयोगशाळा नाही, ही सबब मला पटत नाही. उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याला लागणारा वेळ गॅलिलिओने भांड्यातून गळणाऱ्या पाण्याचे वजन करून मोजला होता आणि 1638 च्या ग्रंथात तसे लिहूनही ठेवले. तुझ्या वर्गात तर मोबाइल आहे.

शेवटी एक काम कर. दहा आंदोलनांना बरोबर 15 सेकंद लागायला हवे असतील तर दोरा किती ठेवावा, असे विचार. 225 ला 4 ने भागून कुणीतरी ‘सव्वाछप्पन्न’ म्हणेल. त्यालाच दोरा मोजून बांधू दे आणि घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हाती दे.

कळावे.

तुझे सर